शक्तीचं झिरो तिकीट, पेट्रोलचा टॅक्स आणि कोल्हापूरची बस: नेमकं कोण कुणाचे पैसे भरतंय?

निपाणीची_सून

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा आणि ज्यांना हिशोबातलं कळतं त्यांनी नीट सांगा. माझं सासर निपाणी आणि माहेर गडहिंग्लज तालुक्यात, म्हणजे माझं आधार कार्ड कर्नाटकाचं आणि आईवडील महाराष्ट्रात, आपल्या भागात घरोघरी असंच आहे. आमच्या घरात जेवायला बसलं की एकच वाद. दीर म्हणतात तुमच्या शक्ती योजनेच्या झिरो तिकिटापायी (कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे ती योजना) सरकारनं पेट्रोल वाढवलं, जून २०२४ ला एकदम ३ रुपये चढले, मग जानेवारी २०२५ ला बसचं तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे बायकांचं भाडं आम्ही गड्यांनी भरायचं. सासरे म्हणतात गाडी घेताना लाईफ टॅक्स घेतात, पेट्रोलवर घेतात, हायवेला टोल घेतात, एवढं घेऊन बस वेळेवर येईना तर पैसा जातो कुठं. मला दोघांनाही उत्तर देता येत नाही, कारण शक्ती योजनेचे पैसे येतात तरी कुठून, दुसऱ्यांच्या तिकिटातून, टॅक्समधून का कर्ज काढून, हे कुणी कधी नीट सांगितलेलंच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सासूबाईंना डोळ्याच्या दवाखान्यासाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. बेळगावला गेलो तर आम्हा दोघींचं तिकीट शून्य, आणि कोल्हापूर तर बेळगावच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे पण तिथं जायचं तर फुल तिकीट, कारण कोल्हापूरची बस आंतरराज्य म्हणून तिच्यात शक्ती चालत नाही. मग आमच्या गल्लीतल्या बायका काय करतात, लोकल बसनं झिरो तिकिटावर कोगनोळीपर्यंत जातात, तिथनं वडापनं (खाजगी शेअर जीपनं) कागल, आणि कागलला एसटी धरतात कारण एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. तरण्या बायकांना हे जमतं, सत्तरीच्या बाईला डोळ्यात औषध घातलेलं असताना हायवेवर उभं करून वडापच्या मागच्या फळीवर चढवायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. वडापला पैसे जातात ते वेगळेच, आणि गर्दी असली तर पायरीवर लोक. आईकडं जाताना पण तसंच, संकेश्वरपर्यंत झिरो आणि पुढं थोडंसंच अंतर राहतं पण तेवढ्यासाठी गाडी बदला नाहीतर सुरुवातीपासनं पैसे भरा. आणि आई इकडं आली की तिला संकेश्वर ते निपाणी पूर्ण तिकीट, कारण तिचं आधार महाराष्ट्राचं.

आम्ही दोन्हीकडं टॅक्स भरतो. कोल्हापुरात औषधं घेतो, कपडे घेतो, जीएसटी तिकडं भरतो, पेट्रोल इकडं भरतो. मग बसची सवलत हद्दीवर का तुटते, आणि ती जोडायला किती पैसे लागतील असे? कृपा करून राजकारण आणू नका, सीमाप्रश्न मला माहीत आहे, मला बसचं आणि पैशाचं कळून घ्यायचंय.

खडकलाट_शिवार

ताई तुमचं सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं पण तुमच्या दिरांचं पण काय चुकत नाही बघा. आमच्याकडं टू व्हीलर १ लाखाच्या वरची घेतली की लाईफ टॅक्स १८ टक्के. कार १० ते २० लाखातली असली तर १७ टक्के, तीच कागलच्या पोरानं घेतली तर पेट्रोल गाडीला १२. ८ लाखाची साधी गाडी धरा, इकडं १४ टक्क्यानं १ लाख १२ हजार आणि तिकडं ११ टक्क्यानं ८८ हजार. म्हणून तर आमच्याकडं निम्म्या पोरांच्या गाड्या मामाच्या पत्त्यावर कोल्हापूरच्या एमएच ०९ पासिंग आहेत आणि मग बारा महिन्याच्या वर इकडं फिरवली म्हणून आरटीओ धरतो की मग पुन्हा टॅक्स. ऊस कारखान्याला नेतोय त्या ट्रॅक्टरचं डिझेल, त्याच्यावर टॅक्स. एवढं भरून माझा पोरगा चिकोडीला कॉलेजला जातो त्याला पासचे पैसे भरून दारात लटकत जावं लागतं. बायकांना द्या, द्यायला नको असं नाही, पण पोरांचं काय, शेतकऱ्याचं काय? माझं एवढंच म्हणणं आहे की गाडीवर घेतलेला टॅक्स रस्ता आणि बसवरच खर्च झाला पाहिजे.

टिळकवाडी_निवृत्त

मी आयुष्यभर हिशेब खात्यात काढलं, आता बेळगावात घरी असतो. ताईंनी प्रश्न फार योग्य विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

आधी शक्तीचे पैसे. योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. कंडक्टर जे झिरो तिकीट देतो ते बस महामंडळाच्या दृष्टीनं झिरो नसतं, त्या प्रवासाचं जे भाडं होतं ते मशीनमध्ये नोंदलं जातं आणि महिन्याअखेर महामंडळ सरकारकडं तेवढ्याची मागणी करतं. म्हणजे तुमचं तिकीट शेजारी बसलेला गडी भरत नाही, राज्य सरकारची तिजोरी भरते. २०२५-२६ च्या बजेटमध्ये त्यासाठी ५,३०० कोटी ठेवले होते. आकडा मोठा वाटतो, पण ते बजेट ४ लाख ९ हजार कोटींचं होतं, म्हणजे शंभरातला सव्वा रुपया. शक्ती धरून सरकारच्या पाच गॅरंटी योजना मिळून ५१ हजार कोटींच्या आसपास होत्या, त्यात शक्ती साधारण दहावा हिस्सा. सुरुवातीपासून राज्यभरात दिलेल्या झिरो तिकिटांची संख्या जुलै २०२५ मध्ये ५०० कोटींच्या पुढं गेली. एवढ्या प्रवासांवर झालेला हा खर्च आहे, तो कुठंतरी हवेत उडालेला नाही.

आता दिरांचा मुद्दा. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि डिझेलवरचा १४.३ वरून १८.४, हे खरंय. एप्रिल २०२५ ला डिझेलचा पुन्हा २१.१७ केला. सरकारला पैसे लागत होते म्हणून वाढवला हेही खरं. पण हा पैसा कुठल्या एका योजनेच्या डब्यात पडत नाही. सगळा एकाच संचित निधीत जातो, त्यातून शिक्षकांचा पगार होतो, पंपसेटच्या विजेचं अनुदान जातं, कर्जाचं व्याज जातं आणि शक्तीचेही पैसे जातात. त्यामुळं "पेट्रोलचे ३ रुपये बायकांच्या बसला गेले" असं म्हणणाऱ्याला मी म्हणेन की तुमच्या पंपसेटलाही गेले. खडकलाटच्या भाऊंना सांगतो, गाड्यांवरच्या टॅक्समधून राज्याला २०२५-२६ मध्ये १५ हजार कोटी मिळतील असा अंदाज त्या बजेटात धरला होता, शक्ती त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी आहे. गाडीचा टॅक्स बसलाच लागला पाहिजे असं म्हणत असाल तर शक्ती भागवूनही त्यातले दोन हिस्से उरतात, मग प्रश्न विचारायचा तो त्या उरलेल्यातून नव्या बस किती घेतल्या आणि तालुक्याचे रस्ते किती केले हा.

पेट्रोलवर केंद्राचंही घेणं आहे. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर लिटरमागं २१ रुपये ९० पैसे केंद्राचे झाले होते. त्यातले ५ रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस, १३ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, अडीच रुपये कृषी सेस, आणि मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटून मिळतं ते या १ रुपया ४० पैशातलं. बाकी सगळं दिल्लीकडं राहतं. रस्त्याचा सेस आपण दर लिटरला भरतो आणि हायवेवर चढलो की टोलही भरतो, सासरेबुवांचा राग याच जागी बरोबर आहे. बसही टोल भरते, आणि तो शेवटी तिकिटातच येतो.

१५ टक्के भाडेवाढीचं कारण मला वेगळं दिसतं. आपल्या वायव्य कर्नाटक बस महामंडळाचं त्याआधीचं भाडं फेब्रुवारी २०२० ला ठरलेलं होतं, म्हणजे पाच वर्षं तेच. वाढ करताना सरकारनंच सांगितलं की कर्नाटकातल्या चारही बस महामंडळांचा डिझेलचा रोजचा खर्च २०१५ ला ९.१६ कोटी होता तो १३.२१ कोटी झालाय, आणि पगाराचा १२.९५ वरून १८.३६ कोटी. हा खर्च शक्ती नसती तरी वाढला असताच. आणि वाढलेलं भाडं शक्तीच्या तिकिटालाही लागतं, म्हणजे सरकारचं देणंही तेवढंच वाढलं.

मला खरी चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सरकार पैसे देतं पण वेळेवर पूर्ण देत नाही, आणि देणं थकलं की महामंडळ डिझेलवाल्याचं थकवतं, कामगारांचा पीएफ थकवतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं आपल्या हमीवर चारही महामंडळांना मिळून २,००० कोटींचं कर्ज काढायला मंजुरी दिली, कशासाठी, तर इंधनाची आणि पीएफची थकबाकी भागवायला. त्यातले ६४६ कोटी एकट्या वायव्य महामंडळाला, चौघांत सगळ्यात जास्त. थकबाकी आपल्याच भागात सगळ्यात मोठी म्हणा ना. बस वेळेवर का येत नाही याचं उत्तर मला इथं दिसतं. योजना जाहीर करणारा निवडणुकीत मतं घेतो आणि तिचं बिल डेपोत थकतं, हे मला सहन होत नाही, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. साध्या बसच्या तिकिटावर जीएसटी नाही. ऐकायला बरं वाटतं, पण तिकीट करमुक्त असलं की बस विकत घेताना महामंडळानं भरलेला जीएसटी परत वळता करून घेता येत नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत बसवर २८ टक्के होता, आता १८ झाला. म्हणजे गावच्या लोकांसाठी सरकारी महामंडळानं बस घ्यायची, त्यावर सरकारनंच टॅक्स घ्यायचा, डिझेलवर टॅक्स घ्यायचा, आणि मग त्याच सरकारनं अनुदान देतो म्हणून जाहिरात करायची. आधी तो टॅक्स सोडा, निम्मा प्रश्न कमी होईल.

हद्दीबद्दल नंतर लिहितो, औषधाची वेळ झाली.

जांबोटी_रोड

टिळकवाडी काकांनी आकडे सांगितले, मी खानापूर तालुक्यातलं सांगते. आमच्याकडच्या बायका आधी बेळगावला बाजारात जायच्या त्या आठवड्याला एक गठ्ठा करून, कारण जाण्यायेण्याचं भाडं फणसाच्या आणि काजूच्या पैशातनंच निघायला पाहिजे. आता करवंदं असू दे, आळंबी असू दे, हातात चार शेर माल असला तरी बाई उठून जाते आणि विकून येते, व्यापारी दारात येऊन मागंल त्या भावाला द्यायची गरज नाही. माझ्या नणंदेची मुलगी बारावीनंतर घरी बसणार होती, आता बेळगावला डिग्री करूलालीय. तिचे बाबा पासचे पैसे देत नव्हते असं नाही, पण पोरीसाठी दर महिन्याला पैसे मोजायचे म्हटलं की घरात कुणाची ना कुणाची मान हलायची, आता विचारायचीच गरज नाही, आधार घेतलं आणि निघाली. निपाणीच्या विडी कामगार बायकांनाही विचारा, पानं-तंबाखू आणायला आणि विड्या द्यायला फिरणं किती असतं त्यांचं.

पण खडकलाटच्या दादांचं मुलांबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. बस होत्या तेवढ्याच आणि माणसं वाढली. निम्म्या सीटा गड्यांसाठी राखीव असं कागदावर आहे पण गर्दीत कोण बघतो. आमच्या फाट्यावर सकाळची गाडी भरून आली की हात करून पुढं जाते, पोरं पेपरच्या दिवशी सुद्धा दुसऱ्याच्या मोटरसायकलवर जातात. पोरींचं शून्य आणि पोराचा पास हे एका घरातलं आईबापाला पटवून सांगता येत नाही. माझं मत असं आहे की विद्यार्थी म्हटलं की पोरगा काय पोरगी काय, दोघांना सारखं, आणि त्यासाठी गाडीवाल्यांकडनं टॅक्स घेतला तर मी देईन, आमची पण एक स्कूटी आहे.

आणि जंगलातल्या गावांचं तर बोलूच नका, तिथं झिरो तिकीट असून काय उपयोग, बसच जात नाही. सवलत बसमध्ये बसल्यावर मिळते. रस्ताच पावसात वाहून जातो तिथं बाईला शक्तीचा एक रुपया मिळालेला नाही आजवर.

येळ्ळूर_बासमती

सगळे टॅक्सचं बोलूलालेत म्हणून एक गोष्ट घालतो. रस्त्याचा आणि रेल्वेचा खर्च फक्त पैशानं भरला जात नाही, जमिनीनं भरला जातो आणि ती जमीन कुणाची हे कुठल्या बजेटच्या आकड्यात दिसत नाही. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासचं किती वर्षं चाललंय बघा, तिबार पीक देणारी जमीन, भात निघालं की मसूर-वाटाणा, नंतर भाजी, तिथनं रस्ता. बेळगाव-धारवाड कित्तूरमार्गे रेल्वे ७३ किलोमीटरची, ९२७ कोटींची, निम्मे पैसे राज्याचे आणि वर जमीनही राज्यानं द्यायची असं ठरलं. सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना मंजुरी झाली, २०२० ला ते गेले. राज्यानं जमीन द्यायची म्हणजे कुणाची? देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीकडच्या शेतकऱ्याची. रेल्वे पाहिजे, मीच म्हणतो पाहिजे, लोंढा जंक्शनचा वळसा वाचतो. पण आखणी पिकाऊ जमिनीतनं का, तर खर्च कमी येतो म्हणून, आणि तो वाचलेला खर्च शेतकऱ्याच्या खिशातनं वाचतो.

भरपाई २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मिळते, खेड्यात बाजारभावाच्या दुपटीपर्यंत गुणक आणि त्यावर तेवढंच दिलासा म्हणून. ऐकायला चौपट. पण बाजारभाव धरतात तो रजिस्टर ऑफिसातल्या दस्तावरचा, आणि आपल्याकडं दस्त कमी भावाचा करायची सवय, स्टॅम्प ड्युटी वाचवायला. कुणा पाहुण्यांनी दोन-तीन वर्षांमागं स्टॅम्प वाचवला, त्याचा फटका आज सगळ्या शिवाराला. ज्यांच्या गावावरनं काही जाणार असेल त्यांनी आत्तापासनं दस्त खऱ्या भावाचे करा, भावकीला पण सांगा.

शिनोळी_नाका

मी चंदगडकडचा, रोज बेळगावला कामाला जातो, म्हणजे ताईंच्या उलट्या बाजूनं तोच त्रास. आमच्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट १७ मार्च २०२३ पासनं, पंचाहत्तरीच्या वरच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासनं मोफत. पण हद्दीपर्यंतच. आजी बेळगावला दवाखान्यात येती, शिनोळीपर्यंत मोफत आणि पुढं बेळगावपर्यंत तिकीट. माझं म्हणणं ऐका, निदान आमचा कंडक्टर हद्दीपर्यंत सवलत आणि पुढं फुल असं एकाच गाडीत तोडून देतो, आजीला उतरून गाडी बदलावी लागत नाही. तिकडच्या गाडीत ते पण नाही.

आणि तिकडचे म्हणतात महाराष्ट्रात टॅक्स कमी, तसं काही नाही. एसटीच्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, जानेवारी २०२५ मध्ये आमचं पण भाडं १४.९५ टक्के वाढलं, ६ किलोमीटरच्या टप्प्याला ८ रुपये ७० चे १० रुपये ५ पैसे झाले. पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. म्हणून कागलची पोरं टाकी भरायला निपाणीकडं येतात. तो टॅक्स कर्नाटकाला जातो आणि गाडी फिरते आमच्या रस्त्यावर, हे कुणी धरतं का हिशोबात?

रस्त्याचं तर असं आहे की आमच्या गावाकडनं तिकडच्या गावाला जाणारा रस्ता दोन्ही बाजूनं झाला. पंतप्रधान सडक योजनेत ६० टक्के केंद्र आणि ४० राज्य, दोन्हीकडं योजना तीच, बोर्ड सारखाच निळा. फक्त मधला हद्दीचा तुकडा कुणीच केला नाही, कारण याच्या नकाशात तो त्याचा आणि त्याच्या नकाशात याचा. पावसात तिथं ट्रॅक्टर सुद्धा रुततो. दोन्हीकडनं डांबर येऊन थांबलंय आणि मध्ये गुडघाभर चिखल.

निपाणीची_सून

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काकांचं उत्तर मी दिरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पंपसेटच्या वाक्याला ते गप्प झाले पण नंतर म्हणाले की मग थकबाकीचं काय, आणि तो प्रश्न मला पण बरोबर वाटला. शिनोळीच्या दादांचं वाचून मला नवीन कळलं की एसटीत हद्दीवर तिकीट तोडता येतं. मग आमच्या कोल्हापूर गाडीत निपाणी ते हद्द झिरो आणि पुढं फुल असं का करत नाहीत? मी पुढचे पैसे भरायला तयार आहे. मला फक्त सासूबाईंना एकाच गाडीत बसवून न्यायचंय. असं मागायचं असेल तर कुणाकडं मागायचं?

टिळकवाडी_निवृत्त

ताई, हद्दीचं राहिलं होतं तेच आता लिहितो.

दोन राज्यांमधली बस मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ खाली दोन्ही सरकारांच्या करारानं चालते. कुठला मार्ग, किती गाड्या, किती फेऱ्या, किती किलोमीटर, सगळं करारात असतं. या कराराला सवलतीशी काही देणंघेणं नाही. सवलत हा प्रत्येक राज्याचा आपापला निर्णय आहे आणि आपापल्या तिजोरीतून तो भागवतात. महाराष्ट्रानं ठरवलं की आपल्या हद्दीतल्या किलोमीटरचे पैसे आपण देऊ, मग गाडी पुढं कुठंही जावो. कर्नाटकानं शक्ती करताना आंतरराज्य गाडीच वगळली, एसी, स्लीपर आणि राजहंस या आरामगाड्यांबरोबर. बेंगळूरहून मुंबईला जाणाऱ्या लांबच्या गाडीसाठी ते ठीक असेल, पण निपाणी-कोल्हापूर किंवा संकेश्वर-गडहिंग्लज ही गाडी फक्त कागदावर आंतरराज्य आहे, प्रत्यक्षात तालुक्याची गाडी आहे. नियम करणाऱ्यानं बेंगळूरात बसून नकाशा बघितला असणार, हद्दीवरचा बाजारहाट नाही बघितला.

खर्चाचं विचारलंत. बाई आज कोगनोळीपर्यंत लोकल गाडीनं झिरो तिकिटावर जातेच, त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतंच. तीच बाई कोल्हापूर गाडीत तेवढ्याच अंतराला झिरो तिकिटावर बसली तर त्या बाईपुरता नवा खर्च काहीच नाही. काही बायका ज्या आज नाइलाजानं फुल तिकीट काढतात त्यांचा भार वाढेल, तो हद्दीपर्यंतच्या थोड्याशा किलोमीटरचाच. उलट कोगनोळीनंतरचं भाडं आज वडापला जातंय ते महामंडळाला मिळेल. मशीनमध्ये टप्पे आधीच भरलेले असतात, हद्दीचा टप्पा घालून तिकीट दोन तुकड्यांत देणं हे अवघड काम नाही, पलीकडं ते चालू आहे.

तुमच्या आईचा प्रश्न मात्र यानं सुटत नाही हे स्पष्ट सांगतो. शक्तीला कर्नाटकाचा पत्ता लागतो, महाराष्ट्राची बाई इकडं फुल तिकीटच देणार. एसटीत तुम्हाला निम्मं तिकीट मिळतं तेव्हा कुणी तुमचं आधार कुठलं ते बघत नाही. ते सुटायला दोन्ही सरकारांनी एकत्र बसून एकमेकांच्या बायकांचे पैसे भागवायचं ठरवावं लागेल. आणि जिथं भाषेवरनं भांडण पेटलं की पहिल्यांदा बसच बंद होतात, फेब्रुवारी २०२५ ला आपण बघितलं की, दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर अडकल्या आणि दवाखान्याची माणसं मध्येच, तिथं एवढी बोलणी लवकर होतील असं मी म्हणणार नाही. रेल्वेला हे लागत नाही. बेळगावहून मिरजेला जाताना शेडबाळच्या पुढं हद्द कधी आली कळत पण नाही, कारण तो पैसा केंद्राचा, तिकिटामागं सरासरी ४६ टक्के सवलत रेल्वे स्वतः सोसते असं मंत्री सांगतात, ती दोन्ही बाजूला सारखीच. पण निपाणीला रेल्वे नाही, संकेश्वरला नाही, गडहिंग्लजला नाही. म्हणून इथं बसच सगळं आहे.

मागायचं कुणाकडं: डेपो मॅनेजरला एक अर्ज द्या पण तो त्याच्या हातात नाही हे धरून द्या, त्याचा शिक्का पोच म्हणून घ्या. मुख्य अर्ज हुबळीला वायव्य महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकांना आणि बेंगळूरला परिवहन खात्याच्या सचिवांना. कन्नडमध्ये लिहा, सोबत मराठी प्रत जोडा, म्हणजे भाषेच्या नावाखाली कुणी बाजूला ठेवायला नको. मागणी एकच ठेवा, चार ठेवल्या की एकही होत नाही: हद्दीजवळच्या कमी अंतराच्या आंतरराज्य गाड्यांत हद्दीच्या टप्प्यापर्यंत शक्ती लागू करा. मार्गांची नावं घाला. आणि त्याच्या आधी माहिती अधिकारात विचारून घ्या की निपाणी ते कोगनोळी लोकल गाड्यांत महिन्याला किती झिरो तिकिटं फाटतात. तो आकडा हातात असला की खर्च वाढेल हे कारण त्यांना सांगता येणार नाही. कन्नडचा मसुदा मी करून देतो, इथंच टाकतो रविवारी.

जांबोटी_रोड

काका त्यात खानापूरकडनं गोव्याला जाणारी गाडी पण घाला, कणकुंबीपर्यंत आमच्या बायका तिच्यातनंच येतात कारण दुपारी दुसरी गाडीच नाही. सह्या मी गोळा करते, बचत गटाच्या बायका आहेत.

शिनोळी_नाका

आणि बेळगाव-चंदगड घाला. आमच्या बाजूनं पण एक अर्ज करतो, मधल्या चिखलाच्या तुकड्याचा, फोटोसकट, तुमच्या बाजूच्या ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला तर दोन्ही एकदम जातील. बाचीकडचं कोणी आहे का इथं?

खडकलाट_शिवार

ताई माझी पण सही घ्या. पोरांच्या पासचा अर्ज वेगळा करूया, त्याला मी चिकोडीतनं पोरं गोळा करतो.